राखीव सेल

"साहेब, एवढी चौकशी आमच्या थोरलीला स्थळ आलं तवाबी मी केली न्हवती," हिंदुराव म्हणाले आणि माझ्या टेबलावरचा एक सेल उचलून नारळासारखा कानाशी हलवून बघू लागले.

"ठेवा तो खाली. त्याची परीक्षा चाललीय."

"पास हुतोय का?"

"तो होईल. पलीकडचा सोनेरी कालच नापास झाला."

हिंदुरावांनी सोनेरी सेल उचलला. त्याच्या अंगावर ठसठशीत आकडा छापलेला होता, शेजारच्या साध्या सेलच्या तिप्पट ताकदीचा. हातात घेतला की मात्र शेंगेच्या टरफलासारखा हलका लागायचा. हिंदुरावांनी एका तळहातावर हा आणि दुसऱ्यावर तो घेऊन तोलून पाहिलं.

"नवरदेवानं पगार फुगवून सांगितलाय," ते म्हणाले.

मी तेव्हा कासारखिंडीच्या वीजघरात अभियंता होतो. धरण वर, वीजघर खाली डोंगराच्या पोटात, आणि आत शिरायला एक लांबलचक उतरता बोगदा. आत दिवे आहेत तोवर दिवस. ते गेले की भर दुपारीसुद्धा डोळ्यांसमोर धरलेला हात दिसायचा नाही. मी धुळ्याकडचा, उघड्या माळावर वाढलेला. मला त्या अंधाराची पहिल्या दिवसापासून भीती वाटायची आणि ती झाकायला मी कामात फार काटेकोर झालो होतो. लोक पाठीमागे मला चिकटपट्टी म्हणायचे. ते मला माहीत होतं.

त्या वर्षी उन्हाळा लागता लागता एकदा सगळे दिवे एकदम गेले. मी टॉर्च काढला तर आतले जुने सेल फुगून फुटलेले, हाताला चिकट घाण लागली. मी भिंतीला हात लावत, मोठ्यानं पाढे म्हणत बोगदा चढून वर आलो. कुणाला बोललो नाही. पण त्याच आठवड्यात वरिष्ठांच्या मागे लागून नवे टॉर्च आणि पुन्हा पुन्हा भरता येणारे सेल घ्यायची परवानगी काढली.

तिकडे टॉर्चला बॅटरी म्हणतात आणि तिच्या पोटात जातो तो सेल. तो उतरला की म्हणायचं, सेल बसला. हे नवे सेल अंगठ्याएवढे जाड, एका टॉर्चला एकच पुरायचा. एक टोक सपाट, दुसऱ्या टोकाला बारीक उचललेली गुंडी. दुकानदार प्रत्येक सेलची तारीफ करत होता, म्हणून मी प्रत्येक जातीचा एकेक आणला आणि वसाहतीतल्या माझ्या खोलीत छळायला घेतला. न्हाणीघरात टॉर्च पेटवून ठेवायचा आणि तो कधी मावळतो ते बघायचं. हिंदुराव सांगायचे, शेजारच्या बायका म्हणत होत्या की निकम साहेबांच्या न्हाणीत भूत अभ्यास करतंय.

पण माझा खरा प्रश्न वेगळा होता. रोज वापरायच्या टॉर्चचं कुणीही बघेल. जो सेल वर्षभर कपाटात पडून राहणार आणि एखाद्या वाईट दिवशीच बाहेर निघणार, त्याचं काय? पडून पडून तो आपोआप उतरला तर? म्हणून मी सेल पूर्ण भरून पेटीत घालून कुलपात टाकले आणि पाडव्यापासून गणपतीपर्यंत त्यांच्याकडे बघितलंही नाही. गणपती गेल्यावर कुलूप काढलं. सोनेरी केव्हाच गारठला होता. साधा मात्र काल भरल्यासारखा लागला. मी त्याच जातीचे सगळे घेतले आणि हिंदुरावांच्या ताब्यात दिले.

हिंदुराव मगदूम म्हणजे वीजघरातले सगळ्यात जुने फिटर. वीजघर सुरू झालं तेव्हापासूनचे. आवाज मोठा, मिशा त्याहून मोठ्या. माझी थट्टा करायचे, पण मी सांगितलेलं एक काम कधी विसरले नाहीत. नवे-जुने सेल एकत्र करायचे नाहीत, हातातून खाली पडलेला सेल वापरायचा नाही, राखीव सेलला रोजच्या कामात हात लावायचा नाही. हे सगळं त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हंजे सून घरात आनायची आन कामाला लावायची न्हाई?"

"वेळ येईल तेव्हा लावायची."

"आन तवा ती लागली न्हाई तर?"

"लागेल. माझा शब्द," मी म्हणालो.

त्यानंतर लगेच नवरात्र आलं. खंडेनवमीला आमच्याकडे यंत्रांची पूजा असायची. झेंडूच्या माळा, ऊस, नारळ, आणि बोगद्याच्या तोंडाशी पेढे. तिथली रीत अशी की सगळ्यात जुन्या फिटरच्या घरची सवाष्ण आत येऊन यंत्रांना कुंकू लावणार. त्यामुळे दरवर्षी तो मान हिंदुरावांच्या मालनवहिनींचा. एरवी बायकांना आत यायला कारण नसायचं. वहिनी हिरवं लुगडं नेसून, हातात ताट घेऊन बोगदा उतरायच्या तेव्हा आमचे सगळे लोक शर्टाची बटणं लावून उभे राहायचे.

कुंकूही तिथं वेगळं असायचं. यंत्राच्या लोखंडावर कोरडं कुंकू ठरत नाही, वाऱ्यानं झडून जातं. म्हणून वहिनी ते घरीच खोबरेल तेलात घट्ट कालवून आणायच्या. जाड बोट ओढायचं, वर अक्षता दाबायच्या. ते मग दिवाळीपर्यंत निघत नसे.

त्या सकाळी हिंदुरावांनी यंत्रांच्या मजल्यावर चौरंग मांडला. त्यावर नट आवळायचे पाने, हातोडे, करवती. नवे टॉर्च ओळीनं, हिंदुरावांचा रोजचा सोडला तर सगळे रिकामे. शेजारी पितळी ताटलीत राखीव सेल काढून उभे करून ठेवलेले.

"हे कशाला काढलेत?" मी विचारलं.

"साहेब, वर्षातला एक दिवस. हातोड्याला मान आन ह्येंनी काय पाप केलंय? तुमी तर घरातल्या लेकरागत वाढवलायसा."

"हरवू नका म्हणजे झालं," मी म्हणालो आणि वरच्या नियंत्रण कक्षात गेलो. पूजेसाठी एक यंत्र थांबवायचं होतं आणि ते काम मुजावरभाईंसोबत मला करायचं होतं. मुजावरभाई आमचे ऑपरेटर. बोलणं कमी आणि कान तिखट. यंत्राच्या आवाजावरून ते त्याची तब्येत सांगायचे.

नियंत्रण कक्षाला मोठी काच होती. तिच्यातून खालचा सगळा मजला दिसायचा, बोलणं ऐकू यायचं नाही. यंत्र हळूहळू थांबत होतं आणि मी काचेला टेकून बघत होतो. वहिनी चौरंगापाशी बसल्या होत्या, हिंदुराव त्यांच्या शेजारी वाकलेले. वहिनींनी काहीतरी विचारलं. हिंदुरावांनी वाकून काहीतरी दाखवलं आणि दोघंही हसायला लागले. वहिनींनी तोंडाला पदर लावला. इतक्या वर्षांच्या संसारातलं माणूस असं हसतं हे बघून मला, एकट्या राहणाऱ्या माणसाला, बरं वाटलं.

पूजा झाली. प्रसाद झाला. वहिनी वर निघून गेल्या. थांबवलेलं यंत्र पुन्हा फिरायला लागलं आणि मी पेढा तोंडात टाकला, तेवढ्यात मुजावरभाईंनी मान वर केली.

"साहेब, खाली पाणी वाजतंय."

मला काहीच ऐकू आलं नव्हतं. मग तळमजल्याचे दिवे गेल्याचा इशारा लागला आणि भोंगा वाजला.

वीजघराच्या अगदी तळाला यंत्र थंड ठेवणाऱ्या पाण्याचे नळ होते. त्यातल्या एकाचा जोड उडाला होता. पाणी फवाऱ्यानं भिंतीवर आदळत होतं आणि ते विजेच्या तारांपर्यंत पोचल्यामुळे तिथले दिवे बंद पडले होते. पाणी असंच चढत राहिलं असतं तर यंत्रांच्या मजल्यापर्यंत आलं असतं. ते थांबवायला एक व्हॉल्व्ह बंद करायचा होता आणि तो खाली होता, त्या अंधारात.

मी खाली पळत आलो तोवर हिंदुरावांनी चौरंगावरचा आपला रोजचा टॉर्च उचलला होता. त्याच्यावरची झेंडूची माळ त्यांनी तोडून बाजूला ठेवली, फेकली नाही. मग ताटलीतले सगळे राखीव सेल ओंजळीनं उचलून पँटच्या खिशात घातले.

"सगळे कशाला?"

"सकाळधरनं ही बॅटरी तळमजला धुवायला वापरलीया. कवा बसंल सांगता येत न्हाई. असू द्यात."

"मी येतो बरोबर."

"तुमी मधल्या पायरीवर थांबा. तिथपत्तोर वरचा उजेड येतोय. मी आवाज दिला की मुजावरला सांगा उपसा पंप चालू कराय."

मी मधल्या टप्प्यावर थांबलो. खाली जाणारा लोखंडी जिना आणि त्याच्या टोकाला हिंदुरावांचा उजेड हलत होता. पाण्याचा आवाज एवढा की स्वतःचं बोलणं ऐकू येत नव्हतं. मग मला उजेड एका जागी स्थिर झालेला दिसला. ते व्हॉल्व्हपाशी पोचले होते. ते चाक किती जड आहे ते मला ठाऊक होतं. उजेड पिवळा होत चालला. माझ्या मनात मात्र हेच, की राखीव सेल त्यांच्या खिशात आहेत, आणि ते माझे आहेत.

पाण्याचा आवाज हळूहळू बारीक झाला आणि थांबला. एवढं शांत झालं की वरच्या यंत्राची घरघर पायांत जाणवायला लागली.

"झाला बंद!" खालून हिंदुराव ओरडले. "सांगा मुजावरला!"

मी वर ओरडलो. जिन्याच्या तोंडाशी आलेल्या मुजावरभाईंनी हात केला. मी परत खाली बघितलं तेव्हा उजेड गेला होता.

"हिंदुराव?"

"हाय, हाय. सेल बसला. दुसरा घालतोय."

झाकण फिरवल्याचा आवाज मला वर ऐकू आला. मी त्या उजेडाची वाट बघत राहिलो.

"साहेब, लागंना."

"उलटा घातला असेल. गुंडी पुढच्या बाजूला."

"गुंडी म्होरंच हाय. ठावं हाय मला." झाकण पुन्हा फिरल्याचा आवाज आला. "तिसरा घातला. ह्योबी लागंना."

असं होणं शक्यच नव्हतं. एक सेल बिघडला असेल, दोन बिघडले असतील. पण मी ते सगळे स्वतः भरले होते, स्वतः तपासले होते.

"आणखी एक बघा."

"समदे बघितले, साहेब." त्यांच्या आवाजात पहिल्यांदाच थट्टा नव्हती. "एकबी न्हाई."

"जागचे हलू नका! मी उजेड घेऊन येतो. ऐकलं का? हलू नका."

"बरं. पर मला वाट ठावं हाय की. एवढी वर्सं..."

"हलू नका!" मी ओरडलो आणि वर पळालो.

वर टॉर्च होते, पण रिकामे. सेल सगळे खाली. मोबाईलला आत रेंज नसायची म्हणून आम्ही ते फाटकावरच ठेवायचो. मुजावरभाई लांब वायरचा दिवा शोधायला पळाले. मला चौरंगावर पूजेतली लहान समई जळताना दिसली. मी तीच उचलली. वाऱ्यानं विझू नये म्हणून ज्योतीपुढे तळहात धरून जिना उतरायला लागलो. तळहात भाजत होता. मी हाका मारत होतो.

"हिंदुराव! आलो! दिसतोय का उजेड?"

उत्तर आलं नाही.

"हिंदुराव!"

खाली गुडघ्याच्या खालपर्यंत पाणी होतं. समईचा उजेड जेमतेम हातभर पडत होता. मी भिंतीला धरून कडेकडेनं व्हॉल्व्हपाशी गेलो. चाक पूर्ण फिरवून बंद केलेलं होतं. तिथं कुणी नव्हतं. मी मधूनच सरळ जिन्याकडे निघालो तेव्हा पाय पुढे टाकता टाकता मला समोर पाणी वेगळं दिसलं, काळं आणि हलणारं. तळमजल्याच्या मधोमध पाझराचं पाणी गोळा करणारा खोल खड्डा असतो. त्याच्यावर लोखंडी जाळी असते आणि सगळे तिच्यावरून बिनधास्त चालतात. पाण्याच्या मारानं ती जाळी सरकून बाजूला पडली होती. हिंदुरावांना वाट ठाऊक होती. ती जाळीवरूनच जात होती.

मी किती ओरडलो ते मला आठवत नाही. मुजावरभाई दिवा घेऊन आले, माणसं आली, दोर आला. समई माझ्या हातातच होती, ती कुणीतरी काढून घेतली.

त्यांना बोगद्याच्या तोंडाशी आणून ठेवलं तेव्हा बाहेर ऊन होतं. कमानीला सकाळचं झेंडूचं तोरण तसंच होतं. डोक्याला मार लागला होता, डॉक्टर म्हणाले की पाण्यात पडण्याआधीच शुद्ध गेली असेल. कुणीतरी त्यांच्या हातातून टॉर्च सोडवला, खिशातून सेल काढले आणि ते सगळं माझ्यापुढे आणून ठेवलं. तिथं उभ्या असलेल्या प्रत्येकाला माहीत होतं की ते सेल कुणी निवडले होते.

मी बाजूला पाण्याच्या टाकीमागे गेलो. मी एक सेल उन्हात धरला, कुठे फुगलाय का, फुटलाय का बघायला.

त्याच्या गुंडीवर कुंकू होतं.

तेलात घट्ट कालवलेलं, जाड बोटानं लावलेलं. वर एक अक्षत दाबून बसवलेली. एवढ्या पाण्यातही ते निघालं नव्हतं. मी दुसरा सेल बघितला. तिसरा. टॉर्चच्या आत असलेलाही बघितला. त्यांचा रोजचा एक सोडला तर प्रत्येकाच्या गुंडीवर तेच. सेल आणि टॉर्च यांच्या मधोमध ते कुंकू बसलं होतं आणि वीज त्याच्यातून जातच नव्हती. खाली अंधारात त्यांना ते दिसणार कसं? त्यांनी सेल घातले, काढले, परत घातले.

मी अंगठ्यानं एक गुंडी पुसली. जोर लावून पुसली. सेल टॉर्चमध्ये घातला आणि बटण दाबलं.

टॉर्च लागला. भर उन्हात डोळ्यांवर आला एवढा लख्ख लागला.

मी खालीच बसलो. मला रडूही येईना. एकदा अंगठा फिरवायचा होता. शर्टाला घासला असता तरी चाललं असतं. एवढंच करायचं होतं आणि ते कुणाच्याही डोक्यात येणं शक्य नव्हतं.

तेवढ्यात वसाहतीकडून बायकांचा आवाज आला. मालनवहिनी येत होत्या. अंगावर सकाळचंच हिरवं लुगडं. मी घाईघाईनं बाकीचे सेलही पुसले आणि सगळे खिशात घातले. अक्षता मातीत टाकून पायानं दाबल्या.

वहिनी त्यांच्या उशाशी बसल्या. रडल्या नाहीत. बराच वेळ त्यांनी फक्त त्यांच्या मिशांवरचं पाणी पदरानं टिपलं. मग माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्यासमोर जाऊन बसलो.

"साहेब, ह्येंच्याकडं बॅटरी हुती का न्हवती?"

"होती, वहिनी."

"मग?"

मुजावरभाई शेजारी उभे होते. सगळे उभे होते. माझं उत्तर त्या सगळ्यांना हवं होतं.

"सेल बसले," मी म्हणालो.

"समदे?"

"सगळे."

"तुमी तर म्हनायचा, ह्ये सेल कवा बसत न्हाईत. घरात रोज तेच सांगायचे हे. साहेबांनी लई बघून घेतल्यात म्हनून."

"माझं चुकलं, वहिनी. माझी पारख चुकली."

त्या माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. मग खाली माझ्या हातांकडे. मग त्यांनी डोळे मिटले आणि त्यानंतर त्यांच्या तोंडून जो आवाज निघाला तो मला अजून झोपेत ऐकू येतो.

चौकशीला वरून अधिकारी आले. सेल कुणी निवडले? मी. तपासले होते? हो. पुरेसे तपासले होते? नाही, मी म्हणालो. मुजावरभाई एकदाच माझ्या खोलीवर आले आणि म्हणाले, "साहेब, तुम्ही खोटं बोलताय. का बोलताय ते मला माहीत नाही." मी त्यांना चहा केला. त्यांनी परत विचारलं नाही. बाकीच्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं. ज्यांना मी काटेकोर वाटायचो त्यांना आता मी नुसता शहाणपणा करणारा वाटायला लागलो, आणि ते त्यांच्या जागी बरोबर होते. थोड्याच दिवसांत माझी बदली झाली, लांब, राज्याच्या दुसऱ्या टोकाला. जाण्याआधी मी एकच नियम लावून घेतला. राखीव सेल झाकणाच्या डब्यात, झाकण चिकटपट्टीनं बंद, पूजेलासुद्धा उघडायचं नाही. कारण विचारलं तर सांगितलं, ओल लागते. लोकांनी लगेच ऐकलं. निकम साहेबांचे सेल एकदा बसले होते, हे सगळ्यांना पुरेसं होतं.

माझी गाडी फाटकातून निघत होती तेव्हा वहिनी रस्त्याच्या कडेला उभ्या होत्या. पांढरं कपाळ. त्यांनी हात वर केला, काही बोलायचं असल्यासारखा. मी ड्रायव्हरला थांबवलं. त्या तशाच उभ्या राहिल्या, मग हात खाली घेतला आणि वळून चालायला लागल्या. मला वाटलं, शिव्या द्यायला आल्या असतील आणि शब्द सापडले नसतील. माझी त्यालाही तयारी होती.

कासारखिंडीला परत जायला माझी निवृत्ती जवळ यावी लागली. तपासणीच्या कामासाठी गेलो होतो. बोगदा तोच होता, तोंडाशी नवं रंगवलेलं फाटक. मुजावरभाई निवृत्त होऊन गावी गेलेले. आत जाणाऱ्या प्रत्येकाला आता भांडाराच्या खिडकीतून टॉर्च आणि एक राखीव सेल घ्यावा लागायचा. माझ्यापुढे चार तरुण पोरं रांगेत उभी होती. खिडकीच्या आत एक पिकल्या केसांची बाई बसली होती.

हिंदुरावांच्या जागी वहिनींना अनुकंपा तत्त्वावर कामाला घेतल्याचं मी कधीतरी ऐकलं होतं. त्या इथं, या खिडकीत असतील असं मात्र मनात आलं नव्हतं. मला परत फिरावंसं वाटलं.

मी बघत होतो. त्या डब्याचं झाकण उघडायच्या, सेल काढायच्या, पदराच्या टोकानं त्याची गुंडी पुसायच्या आणि पोराला द्यायच्या. मग दुसरा. परत गुंडी, परत पदर. सेल नवे कोरे चकचकीत होते. त्यांच्यावर पुसण्यासारखं काही नव्हतं.

माझी पाळी आली. त्यांनी मान वर केली आणि मला ओळखलं. मागे रांगेत कुणी नव्हतं.

"बरं हायसा न्हवं, साहेब?"

"बरा आहे, वहिनी."

त्यांनी माझ्यासाठी सेल काढला आणि पदराचं टोक हातात घेतलं.

"पुसताय कशाला?" मी विचारलं. विचारायचं नव्हतं, पण तोंडून निघून गेलं.

त्यांचा हात थांबला नाही. "तुमीच तर पुसलं हुतंसा पयल्यांदा."

मी खिडकीच्या फळीला धरलं.

"तुमी माझ्याम्होरं येऊन बसलासा," त्या म्हणाल्या. "म्हनलासा, सेल बसले, माझी पारख चुकली. आन तुमचा अंगठा लाल हुता. त्येलातलं कुक्कू मी कालवलं हुतं, साहेब. मला वळखू येनार न्हाई?"

"तेव्हापासून?"

"तवापासनं. तुमची गाडी निघाली तवा बोलाय आले हुते. पर तुमी एवढं समदं अंगावर घेतलंसा. मी बोलले असते तर तुमचं त्येबी वाया गेलं असतं. आन माझ्यातबी बळ न्हवतं."

इतकी वर्षं मी एक गोष्ट एका बाईपासून लपवत होतो आणि ती बाई तीच गोष्ट पोटात घेऊन या खिडकीत बसली होती, जाणाऱ्या प्रत्येकाचा सेल पुसत. "तुमचा त्यात काही दोष नव्हता," असं काहीतरी मी म्हणालो. त्यांनी ते ऐकल्यासारखं केलं.

"तुमी त्या दिशी काचंतनं बघत हुतासा," त्या म्हणाल्या. "आमी दोगं हसत हुतो."

"हो. दिसलं होतं."

"कशाला हसत हुतो, म्हाईत हाय?"

"नाही."

"हातोड्याला लावलं, पान्याला लावलं. सेलाला कुठं लावायचं मला कळंना. मी ह्येंना इचारलं, ह्येचं कपाळ कुठलं वो?" त्यांनी हातातला सेल वर केला आणि गुंडीवर बोट ठेवलं. "तर ह्येंनी असं बोट ठिवलं. म्हनले, ह्ये बग कपाळ. चांगलं भरून लाव, लई उजेड देतोय त्यो."

त्यांनी सेल खिडकीतून माझ्यापुढे सरकवला.

"घाला. आत जायच्या आदी हितंच लावून बघा."

मी सेल टॉर्चमध्ये घातला. झाकण फिरवायला मला वेळ लागला. बटण दाबलं तसा तो लागला. वहिनींनी त्या उजेडासमोर आपला तळहात धरला, उलटा-सुलटा करून बघितला, मग हात मागे घेतला आणि डब्यातला पुढचा सेल पुसायला घेतला.